इफ्ताहची लेक

"टीचर, यात त्याची पोरगी काऊन नाही?"

प्रियदर्शनीने पुस्तिका दीपमालाच्या मांडीवर ठेवली आणि धड्यावर बोट टेकवलं. चर्चच्या मागच्या व्हरांड्यात सतरंजीवर अकरा मुलं बसली होती. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून राजापेठेकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. पुस्तिकेचं नाव 'विश्वासवीर', चर्चच्या कमिटीने यंदाच मागवलेली. डाव्या पानावर तलवार उंचावलेला दाढीवाला इफ्ताह, बायबलातला एक योद्धा. उजव्या पानावर त्याचा नवस, त्याची लढाई, त्याचा विजय आणि खाली चौकटीत बोध, देवाला दिलेला शब्द पाळावा. पंधरा दिवसांनी बालरविवार होता आणि हाच धडा मुलांनी साऱ्या मंडळीसमोर म्हणून दाखवायचा होता.

"मी घरी बायबलात वाचलं," प्रियदर्शनी म्हणाली. "शास्तेच्या पुस्तकात, अकराव्या अध्यायात. तिथं पोरगी हाय."

दीपमाला तायडे बावीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, शिकवत होती. दावीद शिकवला, त्याच्या पापासकट. शमशोन शिकवला, गिदोन शिकवला. इफ्ताह आला की मात्र ती हळूच पुढच्या धड्यावर जायची. त्या दिवशी ती गेली नाही. तिने पुस्तिका मिटली आणि आपल्या तोंडाने सांगायला लागली.

इफ्ताहची आई वेश्या होती, म्हणून सावत्र भावांनी त्याला घराबाहेर काढलं. पुढे अम्मोनी लोक लढायला चालून आले, तेव्हा तेच गाववाले हात जोडून त्याच्याकडे गेले. तो आला. लढाईला निघण्याआधी देवाला बोलला की मला जिंकवलंस तर परत येताना माझ्या घराच्या दारातून जे कोणी पहिल्यांदा मला भेटायला येईल, त्याचं मी होमार्पण करीन, वेदीवर जाळून तुला वाहीन. तो जिंकला. घरी आला, तर त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत दारातून बाहेर आली. दिलेला शब्द फिरवता येत नाही म्हणाला, आणि नवस फेडला.

मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, त्याले वाटलं असन बकरी येईन.

"बकरी डफ घेऊन येत नाही, बाळा. बाप जिंकून आला की दारात कोण धावते, हे त्याले ठाऊक पायजे होतं."

प्रियदर्शनीने मुलीचं नाव विचारलं. ते लिहून ठेवलेलं नाही, असं दीपमालाने सांगितलं. मग एक लहानगी रडायला लागली आणि तिला उचलून घेता घेता वर्ग सुटला.

दीपमाला आता एकोणपन्नास वर्षांची होती. ती बारा वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाला, शांतवनला, मेंदूज्वर झाला होता. वडील, नत्थुजी, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधांची नावं तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला त्या दिवशी एकाही औषधाचा भरवसा वाटला नाही. वॉर्डाबाहेर गुडघे टेकून ते मोठ्याने म्हणाले, पोरगा वाचव, ही पोरगी तुझ्या सेवेला देतो. ही पोरगी तिथेच पाण्याचा तांब्या धरून उभी होती. शांतवन वाचला.

पुढे दरवर्षी नत्थुजी ही गोष्ट मंडळीत साक्ष म्हणून सांगायचे आणि बाया दीपमालाकडे कौतुकाने बघायच्या. तिला नर्सिंगला घातलं आणि ती मिशनच्याच दवाखान्यात लागली. ती चोवीस वर्षांची असताना अकोल्याचे एक मास्तर तिला मागणी घालायला दोनदा आले. माणूस भला होता, तिला आवडलाही होता. नत्थुजींनी दोन्ही वेळा चहा पाजून सांगितलं, ही देवाची आहे. नंतर मिशनचा दवाखानाच बंद पडला. दीपमाला खासगी हॉस्पिटलात लागली, आई गेली, शांतवन नागपूरला स्थायिक झाला. ज्या सेवेसाठी तिला दिलं होतं ती संपली, पण तिला कोणी तसं सांगितलं नाही. नर्सिंगचं तिला कधी वाईट वाटलं नाही, तिचा हात हलका होता, पेशंट तिलाच बोलावायचे. सलायची ती वेगळीच गोष्ट. हे सगळं तिने स्वतः पसंत केलं असतं की नाही, हे तिला कधी कळायलाच मिळालं नाही.

त्या वर्गानंतरच्या मंगळवारी सकाळी कमिटीचे सेक्रेटरी भगवंतराव इंगळे घरी आले. नत्थुजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, त्यांचं आता एक्याऐंशीवं चालू होतं. भगवंतरावांनी आधी त्यांची तब्येत विचारली, मग विषयावर आले. एक लेकरू घरी जाऊन जेवलं नव्हतं, आईबापांची तक्रार होती. पुस्तिकेत आहे तेवढंच शिकवावं, असं कमिटीचं म्हणणं होतं. बायबलातल्याच इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात इफ्ताहचं नाव विश्वासवीरांत घेतलं आहे, याची त्यांनी आठवण करून दिली.

"मी त्याचं नाव खोडून नाही राहिली," दीपमाला म्हणाली. "पण पोरगीबी त्याच बायबलात हाय. बालरविवारी लेकरं पुरी गोष्ट सांगतीन."

"मंग कमिटीले वर्ग दुसऱ्या कोणाले द्या लागन."

"द्या. बालरविवार झाल्यावर द्या."

भगवंतराव चहा अर्धा ठेवून गेले. नत्थुजी म्हणाले की लेकरांसमोर असं कशाला काढायचं. मुलगी तर राजी होती. बाबा, तुम्ही बोललात तसं करा, असं तिनेच म्हटल्याचं लिहिलं आहे.

"बारा वर्षांची होती," दीपमाला म्हणाली.

"बायबलात तिचं वय नाही लिहिलं."

"मी बायबलातलीचं नाही बोलून राहिली, बाबा."

नत्थुजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती कप विसळत होती. पाठमोरीच बोलली, आवाज न चढवता. बायबलात लेवीयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात लिहिलं आहे की नवसात बोललेलं माणूस मोल देऊन सोडवता येतं. तुम्ही रोज पहाटे बायबल वाचत होतात, तुम्हाला ते ठाऊक होतं. पाळकाला तरी विचारायचं होतं, एकदा मला तरी विचारायचं होतं.

दीपमाला ड्युटीवर निघून गेली.

बालरविवारी चर्च भरलं होतं. नत्थुजी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर बसले. मुलं रांगेने पुढे आली आणि एकेक वाक्य म्हणत गेली. घरातून हाकललेला इफ्ताह, त्याचं शौर्य, त्याचा नवस, त्याचा विजय. इथवर भगवंतराव मान डोलावत होते. मग एक मुलगी डफ घेऊन पुढे आली आणि ते बाकावरून उठले. पाळकसाहेबांकडे बघून त्यांनी थांबवण्याची खूण केली. पाळकसाहेबांनी दीपमालाकडे पाहिलं. ती मुलांच्या शेजारी ताठ उभी होती. तिने मान हलवून मुलांना 'पुढे' अशी खूण केली.

"नवसात बोललेलं माणूस सोडवता येतं, असं नियमशास्त्रात लिहिलं होतं," बकरीवाला मुलगा म्हणाला. "इफ्ताहने याजकाला विचारलं नाही. मुलीलाही विचारलं नाही."

शेवटचं वाक्य प्रियदर्शनीचं होतं. ती एक पाऊल पुढे आली आणि मोठ्याने म्हणाली, "देव आपल्याला जिंकवेल, असा इफ्ताहचा विश्वास होता. नवस मोडला तर देव आपल्याला माफ करेल, असा नव्हता. आपण दोन्ही विश्वास धरावे."

टाळ्या वाजल्या नाहीत. बायांच्या बाजूने कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि मंडळी उभी राहिली. नत्थुजी उभे राहिले नाहीत.

मंगळवारी कमिटीचं पत्र आलं. बावीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानून तिला शब्बाथशाळेच्या जबाबदारीतून मोकळं केलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरले, तसं तिने पत्र बायबलाखाली सारलं आणि युनिफॉर्मला इस्त्री करायला घेतली. केलेल्याचा पश्चात्ताप तिला शोधूनही सापडला नाही. मुलांची मात्र आठवण येत होती, एकेकाच्या आवाजाची.

बुधवारी सकाळी ती पोह्यांना फोडणी देत असताना नत्थुजी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"शांतवनले फोन केला म्या," ते म्हणाले. "शनिवारी गाडी घेऊन येते. आता मी नागपूरलेच राहीन. तू मोकळी हायस."

दीपमालाने कढईत पोहे टाकले. त्यांना वाटलं होतं तसं तिचं तोंड उजळलं नाही. ते लाल झालं.

"पुन्हा मले न विचारताच ठरवलं तुमी."

"तुह्याच भल्यासाठी, माय."

"तवाबी कोणाच्या तरी भल्यासाठीच होतं, बाबा."

हा माणूस आता चिडेल किंवा खुर्चीत जाऊन बसेल, असं तिला वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. चौकटीला खांदा टेकवला आणि कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मंग तू सांग," ते म्हणाले. "तुले काय पायजे, दीप?"

दीपमालाने गॅस बंद केला. ओट्याखालचं स्टूल त्यांच्यासाठी पुढे ओढलं आणि ते नीट बसेपर्यंत वाट पाहिली. मग स्वतः समोर जमिनीवर बसली. हॉस्पिटलची ड्युटी नऊला होती आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ झाले होते. तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि घाई न करता विचार करायला लागली.