मागे सरलेली पट्टी

“चिमणे, दार उघड गं, हात भरलेत माझे!”

जिन्यातून येणारी बाबांची ही हाक म्हणजे तिच्या कानांनी जपलेली शेवटची ठेव. मग ताप आला नि गेला. जाताना ऐकू येणं तेवढं घेऊन गेला. ती मोठी झाली, हातांची भाषा शिकली, नोकरीला लागली. ती तोंडाने बोले, पण बाबांचं उत्तर कायम चिठ्ठीवर. आईचे ओठ तिला वाचता येत. बाबांच्या ओठांवर मात्र झुपकेदार मिशी. “काढा की ते झुडूप!” आई म्हणे. बाबा मिशीला पीळ देत.

ऑनलाइन वर्गांत शिकणारा कुठवर आला हे दाखवणारी हिरवी पट्टी आखणं, हे तिचं काम.

एका दुपारी आई म्हणाली, “तुझे बाबा रुसलेत तुझ्या पट्टीवर.”

“माझ्या? आता मी काय केलं?”

“हातांची भाषा शिकत होते गं, तुमच्याच ऑनलाइन वर्गात, दुकानात शिलाई मशीनच्या आडोशाला. पट्टी भरली की तुझ्याशी बोलणार होते. मी सांगितलं म्हणू नकोस हं, माझी खैर नाही!”

ती तडक बाबांच्या शिलाईच्या दुकानात गेली. बाबांनी फोन कापडाखाली सारला. तिने हात पुढे केला तसा निमूट दिला. काठाला टेकत आलेली पट्टी मागे सरून अर्ध्यावर आली होती. बाबांनी खडूने चिंधीवर लिहिलं, ‘वय झालं. शिकलेलं विसरतोय. पट्टीला कळतं ते.’

ते काहीच विसरले नव्हते. तिच्या कंपनीने वर्गात नवे धडे घातले, एकूण धडे वाढले, म्हणून पट्टी मागे सरली. असं होणार हे आखतानाच तिला ठाऊक होतं. पण त्या पट्टीपुढे कुणी मान खाली घालून बसेल, हे मनातही आलं नव्हतं.

तिने कामावर हट्टच धरला: शिकलेलं ते शिकलेलं. भरलेली पट्टी मागे येणार नाही. नवे धडे त्या पट्टीच्या पुढे, वेगळ्या पट्टीत.

‘एवढ्याशासाठी?’ साहेबांनी लिहून विचारलं.

“एवढ्याशासाठीच.”

बाबांची पट्टी पुन्हा काठाशी आली. उरलेले धडे त्यांनी मशीनच्या आडोशालाच पुरे केले.

मग एका संध्याकाळी बेलचा दिवा लुकलुकला. तिने दार उघडलं. बाबांनी दोन्ही हातांतली गाठोडी उंबऱ्याशी ठेवली. हात उचलले. एक खूण चुकली. खडूची रेघ पुसावी तशी ती हवेतच पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.

“चिमणे, जिन्यातून मी अजूनही हाक मारतो. रोज.”