गुढियारीतल्या दोन पाणपोया

रायपुरातल्या गुढियारीच्या मालगोदामासमोर कडुलिंबाचं झाड एकच, आणि त्याखाली पाणपोया मात्र दोन! एका झाडाखाली दोन पाणपोया कशाला, असं कोणी विचारलंच तर इंदूबाई फणकाऱ्यानं म्हणायच्या, "मले काय विचारता? त्या शारदीले विचारा!"

रायपूर राजधानी झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. नवं राज्य, नवे मंत्री, लाल दिव्यांच्या नव्या गाड्या, आणि कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा गल्लोगल्ली समित्या. सिलतऱ्याचे कारखानदार पुण्य विकत घ्यायला तयार होते आणि पुण्य मिळवून देणारे त्यांच्या फाटकाशी रांग लावून उभे होते. कोणी चष्मे वाटायचं, कोणी वह्या, कोणी भर उन्हाळ्यात घोंगड्या. हो, उन्हाळ्यात घोंगड्या! ज्याचा फोटो चांगला यायचा, ते वाटायचं. घेणाऱ्याला काय हवं, हे विचारायला सवड होती कोणाला?

इंदूबाईंची पाणपोई त्यातली नव्हती. त्यांचे यजमान पांडुरंग याच गोदामात रेल्वेचे बाबू होते. शेवटच्या दुखण्यात त्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. पांडुरंग सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत विनवत राहिले, "इंदे, घोटभर दे वं." इंदूबाईंनी ओल्या कापसानं ओठ तेवढे टिपले. सकाळी सगळं संपलं होतं. पाणी दिलं असतं तरी ते वाचले नसते, हे सगळ्यांनी सांगून झालं, पण इंदूबाईंच्या मनातून तो घोट काही जाईना.

विदर्भातली माणसं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. इंदूबाईंना एका घागरीनं समाधान होईना. त्यांनी कडुलिंबाखाली ओळीनं रांजण मांडले आणि मनाशी पक्कं केलं, की इथं ज्याचा घसा ओला होईल, त्याच्यामार्फत पाणी पांडुरंगाला पोचेल. ओंजळीत धार सोडताना त्या पुटपुटायच्या, "घ्या." मुलगा सुशील हसायचा. "आई, ये सब मानने की बात है."

"मानायचीच गोष्ट आहे, म्हणून तं मानते," इंदूबाई म्हणायच्या.

आता शारदाबाई. दोन घरं सोडून राहायच्या, जिवाभावाची मैत्रीण. पण महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या फलकावर पहिलं नाव कोणाचं, यावरून दोघींची अशी जुंपली की मंडळच फुटलं. शारदाबाईंनी 'शीतल सेवा समिती' काढली, सिलतऱ्याचा एक शेठ गाठला, आणि त्या वर्षीच्या अखाजीला त्याच झाडाखाली लाल-पांढरा मंडप ठोकला. बर्फाचं पाणी, गुलाबी सरबत, आणि वर शेठच्या चेहऱ्याचा बॅनर, पाण्याच्या टाकीपेक्षा मोठा.

झालं! सगळे हमाल बर्फाकडे वळले. वळणारच की, रायपूरच्या उन्हात पाठीवर पोतं घेतलेला माणूस रांजणाशी इमान राखेल होय? संध्याकाळी इंदूबाईंचे रांजण भरलेलेच राहायचे. ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतताना त्यांना रडू यायचं. "आज तुमी तहानलेलेच राह्यले," त्या म्हणायच्या.

पण नुसतं रडत बसणारी बाई नव्हती ती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्यात वाळा टाकला. शारदाबाईंनी सरबतात सब्जा घातला. इंदूबाईंनी पाण्याबरोबर गुळाचा खडा ठेवला, तर शारदाबाईंनी भिजवलेले चणे. हमालांची चंगळ झाली. चणे तिकडे, गूळ इकडे, आणि दोन्हीकडे "दाई, तोर पानी गजब मीठ हे", म्हणजे तुझं पाणी भारी गोड, असं सांगून मोकळे.

मग एकदा शारदाबाईंनी नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोमवारी शेठचा मॅनेजर येऊन राहिला, पाणपोई पाहाले. फोटो काढणार हाये." इंदूबाई काहीच बोलल्या नाहीत. न बोलणारी इंदूबाई म्हणजे घात, हे शारदाबाईंना कळायला हवं होतं.

सोमवारी इंदूबाईंनी ताक केलं. साधं नव्हे, हिंग-जिऱ्याचं, वर कोथिंबीर आणि बर्फ. निरंजनबाबू मॅनेजर जीपमधून उतरले तेव्हा अख्खं गोदाम इंदूबाईंपुढे ओठ पुसत उभं होतं. मंडपाखाली फक्त शारदाबाई आणि एक गाय. गायही पाण्यासाठी नव्हे, सावलीसाठी आली होती.

"मैडम, यहाँ तो ज़रूरत ही नहीं है," निरंजनबाबू म्हणाले. कॅमेरा पिशवीतून निघालाच नाही. लवकरच मंडप उतरला, टाकी गेली आणि शेठचा चेहराही गुंडाळून नेला.

इंदूबाईंना काय आनंद झाला म्हणता! सगळे हमाल परत आले. "घ्या, घ्या, पोटभर घ्या," असं म्हणत त्या ओतत राहिल्या. पण गंमत अशी, की दोघींचं गिऱ्हाईक आता एकटीवर आलं. नळ सकाळीच काय तो यायचा, रांजण भर दुपारी कोरडे पडायचे, आणि ताक काय रोज परवडणार होतं? कंबर मोडेस्तोवर पाणी वाहिलं तरी पुरेना.

अशाच एका दुपारी गोदामात धान्य झाडणारी बिसाहिन आली. तिनं रांजण तिरपा केला, ओगराळं बुडाशी खरडलं. "दाई, पानी सिरागे का?"

"संपलं वं बाई," इंदूबाई म्हणाल्या.

बिसाहिननं सवयीनं पलीकडे पाहिलं. तिथं आता टाकी नव्हती. तिनं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली आणि निघून गेली.

ओठांवरून फिरणारी ती जीभ इंदूबाईंनी आधी पाहिली होती, दवाखान्यातल्या खाटेवर. पांडुरंगाच्याच नावाच्या पाणपोईवरून माणूस तहानलेलं परत गेलं होतं, आणि पलीकडची टाकी त्यांनीच हाकलली होती. जिंकले म्हणे! डोंबलाचं जिंकणं!

दिवेलागणीला त्यांनी शारदाबाईंची कडी वाजवली.

"काहून आली?" शारदाबाई दारातूनच म्हणाल्या. "मीठ चोळाले?"

"तुया शेठले पुन्हा बोलाव."

"येत नाई आता. त्याले गर्दी पायजे. गर्दी तं तू नेली."

"गर्दी मी देते. माये रांजण पालथे घालते."

शारदाबाईंचा ताठा एकदम उतरला. पांडुरंगाच्या शेवटच्या रात्री दवाखान्याच्या वऱ्हांड्यात इंदूबाईंचा हात धरून त्याच तर बसल्या होत्या. "भाऊजींचे रांजण? पालथे?"

"फोटोपुरते. फोटो झाला का पुन्हा सरळ. तुही टाकी, माये रांजण, दोन्ही चालू दे. लोकायले पुरत नाई वं शारदे."

शारदाबाईंनी पदराच्या टोकाशी जरा चाळा केला. मग म्हणाल्या, "पण बॅनरवर तुयं नाव नाई टाकणार, सांगून ठेवते."

"नको टाकू माय! त्या शेठचंच थोबाड टाक. अजून मोठं टाक!"

दोघी किती दिवसांनी खदखदून हसल्या.

शारदाबाईंच्या विनवण्यांनी निरंजनबाबू पुन्हा आले, जरा आढेवेढे घेतच. पाहतात तर काय, मंडपापासून गोदामाच्या फाटकापर्यंत रांग! इंदूबाईंनी एकेकाला हाताला धरून आणलं होतं. झाडाखाली पालथे रांजण मुकाट बसले होते, आणि त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून इंदूबाई मान वळवून उभ्या होत्या.

"माताजी, आप आगे आइए," निरंजनबाबू खुशीत म्हणाले. "फोटो में बुज़ुर्ग अच्छे लगते हैं."

इंदूबाई पुढे झाल्या. शारदाबाईंनी टाकीची तोटी सोडली, पेला भरला आणि तो हातात देताना कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "इंदे, भाऊजींच्या नावानं पे."

हे मात्र इंदूबाईंनी हिशेबात धरलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांना पाजत आल्या होत्या. पांडुरंगाच्या नावानं आपणच कधी प्यायल्या नव्हत्या. त्यांनी पेला तोंडाला लावला. बर्फाचं पाणी घशातून उतरत गेलं आणि डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं.

"वाह माताजी! क्या नेचुरल आया है!" निरंजनबाबू ओरडले. "एक और फोटो हो जाए?"

"हव," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी रिकामा पेला शारदाबाईंपुढे धरला. "आणखी दे वं. त्यायले लई तहान लागली होती."