पंजांखालचे चार पैलू

नर्सबाईंनी अंगठी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा रत्नांना पैलू पाडणाऱ्या त्या बाईचं लक्ष सवयीनं आधी त्यांच्या बोटाकडे गेलं. दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्या माणसाचं बोट होतं ते, कोरडं, सालपटं निघालेलं. असल्या हातातला नीलम साबणानं मळणारच.

"मधे नुसती काच लावल्यासारखी दिसते बघा," नर्सबाई म्हणाल्या. "कडेला निळा आणि मधे फिका. खालची कातडी दिसते."

"खिडकी पडलीय. खालचे पैलू उथळ आहेत, त्यामुळे उजेड आत न वळता आरपार जातो. खालून पुन्हा घासावा लागेल. दगड जरा लहान होईल, कोंदण आवळून घ्या मग."

बोलता बोलता तिनं कोंदणाचे पंजे उघडून नीलम सोडवला, चिमट्यात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि दगड पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

दगडाच्या कमरेवर, म्हणजे वरचे आणि खालचे पैलू मिळतात त्या कडेवर, नेमके पंजे बसायचे त्या चार जागी, चार बारीकसे पैलू होते. पंजा दाबताना टवका उडू नये म्हणून पाडलेले. एवढा उपद्व्याप करणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. बाबा वैतागायचे, "अरे, कुणाला दिसणार आहे ते?" आणि दादा मान वर न करता म्हणायचा, "दगडाला कळतं ना."

"कुठून घेतलात हा?" आवाज शक्य तितका साधा ठेवून तिनं विचारलं.

"बंदराच्या गावी बदली होती माझी, आठ वर्षांपूर्वी. तिथल्या दुकानाच्या माळ्यावर एक गृहस्थ घासायला बसायचे. कोणत्या हातात घालणार, काम काय करता, सगळं विचारून घेतलं त्यांनी. मला वाटलं, आता पत्रिका मागतात की काय!"

"अजून आहेत ते?"

"गेल्या वर्षी होते. चाकावर नाही बसत आता, नजर गेली म्हणाले. नुसते बोटांनी चाचपून दगड निवडून देतात." नर्सबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "ओळखीचे आहेत का हो?"

"भाऊ," ती म्हणाली. "सख्खा."

चोवीस वर्षं झाली होती. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची. दगड लाखेनं काडीवर चिकटवून द्यायचे, एवढंच तिचं काम; घासायला दादा फावल्या वेळात शिकवायचा. एका व्यापाऱ्याचा पाचू चिकटवताना तिनं घाई केली आणि ज्योत जास्त लागली. पाचूला आच सोसत नाही. आत केसाएवढी रेघ उमटलेली तिनं पाहिली, पण कुणाच्या लक्षात येणार नाही असं स्वतःला समजावून काडी दादाच्या हातात दिली. चाकावर टेकताच पाचूचे दोन तुकडे झाले. व्यापाऱ्यादेखत बाबा म्हणाले, "ऊठ त्या चाकावरून." दादानं तुकडा उजेडात धरून पाहिला, मग एकदाच तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत राहिली. त्यानं हात धुतले, आणि जो गेला तो गेलाच.

कामं खोळंबली होती म्हणून आठवड्याभरानं बाबांनी त्याच चाकावर तिला बसवलं. बाबांनी पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. पण दार वाजलं की शेवटपर्यंत त्यांचा हात कामावरून उचलला जायचा.

नीलम दोन दिवस तसाच पडून राहिला. तिनं एकेका पैलूचा कोन मोजून वहीत उतरवून घेतला. वरच्या अंगाचे पैलू टोकाला टोक भिडवून पाडलेले. खाली मात्र रेषा केसभर चुकत होत्या. आधी तिला वाटलं, कंटाळा केला असेल. मग लक्षात आलं, खालच्या बारीक रेषा दादाला दिसतच नव्हत्या. रेषा चुकल्या म्हणून तिला टपली मारणारा दादा आठ वर्षांपूर्वीच अंदाजानं घासत होता. आणि जवळ भिंग धरायलाही कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं ज्योत बारीक केली, दगड चिकटवला आणि चाक सुरू केलं. पांढुरकं पाणी कडेनं ओघळत राहिलं. दादाचं काम होतं त्या पाण्यात. कंबर घासली तेव्हा ते चार पैलूही गेले. सगळं झाल्यावर तिनं ते आपल्या हातानं पुन्हा पाडले.

मग नर्सबाईंनी दिलेल्या नंबरावर फोन लावला. दुकानदारानं वर हाक मारली. जिन्यावरून सावकाश पावलं उतरत आली.

"हॅलो, कोण?"

ठरवलेलं सगळं ती विसरली. "तुझा एक नीलम आलाय माझ्याकडे. खिडकी पडली होती."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "किरकिर?"

या नावानं तिला हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

"दादा, तो पाचू मी तापवला होता."

"ठाऊक आहे. तुकड्यातच दिसलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"बाबांनी तुला उठवलं असतं. मला कुठंही चाक मिळालं असतं गं. तुला कोण देणार होतं तेव्हा?"

"रागावला होतास?"

"होतो की. चांगली दहा-बारा वर्षं. तू शोध घेतला असतास तर लवकर गेला असता राग." तो खाकरला. "बाबा?"

"गेले. सहा वर्षं झाली."

"हं." त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "खालचा कोन काय धरलास?"

"एक्केचाळीस अंश."

"छान. उजेडात धर आणि कसा दिसतो ते सांग."

तिनं नीलम दिव्याखाली फिरवला आणि सांगत गेली. कडेला कसा गडद, मधे आता कसा भरून आलाय, वळवला की कुठं झळक मारतो. तो मधूनमधून "हं" म्हणत होता. एकदा म्हणाला, "थांब, घाई करू नकोस. पुन्हा सांग तेवढं."

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. जेवतोस कुठं, डोळे कुणाला दाखवलेस, घरी कुणी आहे का, काही म्हणता काही विचारलं नव्हतं. तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी त्यानंच उचलला.

"काय राहिलं?"

"सगळंच राहिलं," ती म्हणाली. "रविवारी येते. पत्ता सांग."

"ये. जिना अरुंद आहे, खालूनच हाक मार. मी येतो उतरून."