अर्धवट राहिलेली मेल

"आई, घाबरू नकोस, पण" एवढंच वाचून झालं आणि लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर पडला.

ताईंचा मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन, भर समुद्रात. तिकडे फोन लागत नसे. अधूनमधून येणारी मेल, तेवढाच काय तो धागा. ताईंचा स्वतःचा फोन नुसता बोलण्यापुरता. आतल्या खोलीत सुनेचा नुकताच डोळा लागलेला, तिचे दिवस भरत आलेले. तिला कोणत्या तोंडाने उठवायचं?

शिवायला घेतलेला फ्रॉक बाजूला सारून त्यांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं. पडदा ढिम्म. शेवटी धाकट्या भावाला फोन लावला. त्याची हयात टीव्ही दुरुस्त करण्यात गेली होती.

"चार्जर लावलायस का, ताई?"

"लावलाय रे! त्याला काहीतरी झालंय. 'पण' म्हणून लिहिलंय पोराने, 'पण'!"

"कुणाला, लॅपटॉपला?"

"तुझ्या भाच्याला!"

भाऊ मग हळू आवाजात म्हणाला, "कान लाव बघू. आतला पंखा फिरतोय?"

"घुरघुरतोय."

"मग मशीन चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. बंद मात्र करू नकोस. खिडकीचे पडदे ओढ, टॉर्च आण आणि काचेवर तिरका झोत टाक."

ताईंचा पहिला झोत भिंतीवरच पडला. मग काळ्या काचेच्या आत, तळ्याच्या तळाशी दिसावीत तशी, पुसट अक्षरं दिसली. त्या एकेक शब्द लावू लागल्या.

"...पण पॅनेलवर काम करताना... हात... भाजला."

"पुढे वाच," भाऊ म्हणाला.

"बंदरावर... उतरवतायत. दवाखान्यात..." पुढची अक्षरं विरघळली. डोळ्यांत पाणी भरलं होतं, दुसरं काही नाही.

"द्या इकडे टॉर्च." सून मागे उभी होती. कधीची, कोण जाणे. पोटावर एक हात ठेवून तिने दुसऱ्या हाताने झोत स्थिर धरला आणि वाचलं, "दवाखान्यात नेतील. बोटांचं अजून सांगता येत नाही म्हणतात. ही मेल मित्राकडून टाइप करून घेतोय. तिला आत्ताच सांगू नकोस."

"मी लपवणार नव्हते गं," ताई पुटपुटल्या.

"लपवणार होतात," सून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आणि मीही तेच केलं असतं. सरका जरा, उत्तर लिहू."

ताईंनी टॉर्च धरला, सुनेने टाइप केलं. मेल गेली.

पुढचे तीन दिवस काही आलं नाही. भाऊ येऊन जुना मॉनिटर जोडून गेला. दोघी आळीपाळीने त्याच्यासमोर बसत. शिवणयंत्र गप्प पडलं. चौथ्या दिवशी दुपारी फोन खणाणला. अनोळखी नंबर, आणि पलीकडे तोच आवाज, जरा घोगरा.

"आई, तीन बोटं हलतात. बाकीच्या दोन बोटांचं बघू. मला घरी पाठवतायत."

ताईंनी फोन सुनेच्या कानाला लावला.