मनगटाखालची उशी

मी एक उशी आहे. डोक्याखालची नव्हे, मनगटाखालची. माझ्यावर कुणी झोपत नाही. उलट माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांची तक्रार झोप लागत नाही हीच असते.

चीनमधल्या आन्हुई प्रांतातल्या लिनश्यी गावात, झाय वैद्यांच्या घरी माझा जन्म झाला. वैद्यीणबाईंनी रजईच्या निळ्या कापडाचा उरलेला तुकडा घेतला, त्यात भाताचं तूस ठासून भरलं आणि चारी बाजूंनी टीप घातली. विटेएवढी झाले मी.

"फार कडक झाली का हो?" बाईंनी विचारलं.

"नाडी बघताना रोग्याचं मनगट ठेवायचंय, नवरदेवाचं डोकं नाही," वैद्य म्हणाले. झालं, माझं बारसं आटोपलं.

तेव्हापासून किती मनगटं पाहिली, मोजदाद नाही. मला उगाच चौकशा करायची खोड आहे, पण विचारायची गरज पडत नाही, आपोआप कळतं. साहेबलोक बाही वर सरकवत नाहीत, वैद्यांनीच सरकवायची. नव्या नवऱ्या येण्याआधी साबणाने हात घासून येतात. आणि जुनी माणसं हात पुढे करून तोंड मिटून बसतात. आपण काही सांगायचं नाही. वैद्य असेल तर तीन बोटांनी ओळखेल, नाहीतर उठायचं नि दुसरा दरवाजा गाठायचा. गावाने वैद्याची परीक्षा घ्यायची रीतच ती.

ताओ सूफिंग शिकायला आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शिष्य होण्याच्या रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिने झायगुरुजींना चहा दिला आणि ती घरातलीच झाली. पहिली दोन वर्षं तिने मुळ्या धुतल्या, साली कापल्या, नाड्यांची कवनं पाठ केली. पाठ करताना माझ्यावरच बोटं आपटायची. तिसऱ्या वर्षी गुरुजींनी तिला माणसाच्या मनगटाला हात लावू दिला.

त्यांचा एक नियम होता. नाडी आधी सूफिंगने पाहायची, काय लागलं ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्याखाली सारायची. मग गुरुजी पाहणार, मोठ्याने सांगणार, आणि शेवटी चिठ्ठी बाहेर निघणार. पाचव्या वर्षापर्यंत दहातल्या नऊ चिठ्ठ्या जुळू लागल्या होत्या.

आणखी एक गोष्ट होती, ती मला माहीत होती, बाकी कुणालाही नाही. गुरुजींची बोटं बधिर होत चालली होती. पूर्वी ती मनगटावर नुसती टेकायची, आता दाब माझ्यापर्यंत पोचायचा. त्यांना घाई झाली होती ती म्हणूनच. त्या शरदात ते सूफिंगला म्हणाले, "पोरी, उद्याचा दिवस नीट गेला तर वैद्यकीच्या परीक्षेला बसायच्या तुझ्या कागदावर सही करतो. मग ही खुर्ची तुझी."

दुसऱ्या दिवशी पहिलीच आली ती मियाओमावशी. टोफू विकणारी, जिभेने गल्ली झाडून काढणारी. डावा हात सोयाबीनच्या उकळत्या दुधाने भाजलेला, फडक्यात बांधलेला. उजवा तिने माझ्यावर आपटला.

"मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "सांगा काय होतंय मला. आणि ए पोरी, बोटं गार असतील तर आधी चोळून घे."

बाक माणसांनी भरला होता. सूफिंगने तीन बोटं टेकली. हलकी ठेवली, मग दाबली, मग हाडापर्यंत नेली. काहीच नाही. नाडी लागेना.

आणि इकडे माझ्या अंगावर टण टण ठोके पडत होते! मावशीची नाडी नेहमीच्या जागी नव्हतीच, मनगटाच्या मागच्या बाजूने चालली होती. क्वचित एखाद्याची असते तशी. पुस्तकात दोघांनीही वाचलेलं, पण वेळेला आठवेल तर ना. मला तोंड असतं तर ओरडले असते.

सूफिंगने मावशीच्या फिकट चेहऱ्याकडे पाहिलं, बाकावरच्या माणसांकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, "बारीक, खोल, अशक्त." चिठ्ठी माझ्याखाली आली. माझ्या पाठीवर खरं ठोकत होतं आणि पोटाखाली खोटं पडलं होतं.

मग गुरुजी बसले. त्यांनी बोटं टेकली. दाबली. फार वेळ दाबली. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला कळलं, म्हाताऱ्याला वाटतंय की आपली बोटं आज मेली.

"लागली का झोप, वैद्यबुवा?" मावशी म्हणाली. बाक हसला.

गुरुजींनी कधी केलं नव्हतं ते केलं. काही न बोलता त्यांनी चिठ्ठी ओढून काढली, वाचली आणि औषधाचा कागद जवळ घेतला. "अशक्तपणा आहे. जिनसेंग लागेल..."

"गुरुजी, लिहू नका!" सूफिंग उभी राहिली. "ती चिठ्ठी खोटी आहे. मला नाडी लागलीच नाही. तोंड बघून लिहिलं मी."

बाकावरची माणसं पुढे वाकली.

"तुलाही नाही लागली?" गुरुजींनी हळूच विचारलं. त्यांच्या आवाजात राग शोधला मी, पण सापडला नाही.

"अगं बया, म्हणजे मी मेले की काय?" मावशी हात ओढून घ्यायला लागली. सूफिंगने तो खालून धरला, आणि तशीच थांबली. तिची बोटं माझ्या आणि मनगटाच्या मधे होती.

"इथे आहे," ती म्हणाली. "गुरुजी, मागे आहे!"

गुरुजींनी हात उलटा करून बोटं ठेवली. त्यांनाही लागली. तार ताणल्यासारखी, जोरकस. अशक्तपणा कसला, बाई आतून पेटली होती. जिनसेंगसारखी गरम मुळी म्हणजे विस्तवावर तेल झालं असतं.

"डोकं फुटेल असं दुखतं, आणि झोप नाही," गुरुजी म्हणाले.

"महिना झाला," मावशी म्हणाली, आणि हात आपणहून माझ्यावर नीट ठेवला.

सही त्या वर्षी झाली नाही. "खोटं लिहिलंस म्हणून एक वर्ष थांब," गुरुजींनी सांगितलं. "खरं बोललीस म्हणून एकच."

आता गुरुजी नाहीत. खुर्चीत सूफिंग बसते, केसांत पांढरे आलेत तिच्या. माझं कापड दोनदा बदललं, तूस चारदा. कोपऱ्यातून अजून थोडं सांडतं. कुणीतरी गुबगुबीत नवी उशी भेट दिली होती, तिच्यावर मांजर झोपतं.

तुमचं एवढं ऐकते म्हणून एक मागते. वैद्य म्हणाला, "मला कळलं नाही," तर लगेच उठून दुसरा दरवाजा गाठू नका. जरा बसा.

आणि सूफिंगची एक सवय सांगून थांबते. कुणीही येवो, नाडी पाहण्याआधी ती त्याच्या मनगटाखाली बोटं घालते, अगदी माझ्या अंगापर्यंत. परवा मियाओमावशीने विचारलंच, "रोज रोज खाली काय चाचपतेस गं?"

"चिठ्ठी तर नाही ना राहिली, ते बघते," सूफिंग म्हणाली.