मिठागरातलं इरलं

सकाळी लेकीच्या, शकूच्या पापण्या उघडेचनात. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं टोचतंय, म्हणाली. आवडाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी टोचणं, मग लाली, मग बुबुळावर चढत गेलेला वडस. आता दामाजी ओटीवर बसून लेकीची पावलं नुसती ऐकायचा. खाडीकाठच्या मिठाने त्याचे दोन्ही डोळे खाल्ले होते.

टेंभी नाक्यावरच्या वैद्याने बजावलं होतं, पांढऱ्या मिठावरून ऊन उसळून डोळ्यांत शिरतं. डोक्यावर सावली धरा, तोंडावर पदर ओढा. सावली तर घरातच टांगलेली होती. भातलावणीला डोक्यावर घ्यायचं पानांचं इरलं! पण ते पावसाआधी मिठागरात न्यायचं नाही, नेलं की पाऊस येतो आणि पिकलेलं मीठ विरघळतं, असं गावाने मनाशी घट्ट धरलेलं. मिठागरात राबताना दामाजीनेही ते कधी डोक्यावर घेतलं नव्हतं.

तिने खुंटीवरचं इरलं काढलं.

"नेऊ नको गो," दामाजी म्हणाला. "लोकांचं मीठ जाईल."

"चुलीत गेलं मीठ! पोरीचं डोलं जातान ते दिसत नाय?" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली, पण इरलं काही ठेवलं नाही.

मिठागरात शकूच्या डोक्यावर इरलं बघताच मुकादम त्र्यंबक खेकसला, "ए आवडे! पावसाला आवतण देतेस? काढ ते, नाहीतर दोघी घरी चालत्या व्हा."

मीठ ओढणाऱ्या बायकाही हात थांबवून तिच्याकडे रागाने बघू लागल्या. सगळ्यांचे डोळे लालबुंद होते. मुकादम मात्र काळ्या विलायती छत्रीखाली उभा होता. आवडाबाईचा संताप मस्तकात गेला.

"तुज्या छत्रीनं पाऊस येत नाय, माज्या इरल्यानंच येतो व्हय रे?"

"तोंड सांभाळ!"

"मिटव ती छत्री. दुपारपत्तुर उभा ऱ्हा या मिठात. मंग काढते इरलं."

बायका आता छत्रीकडे बघत होत्या. मुकादमाने ती मिटली नाही. तणतणत तो बांधापलीकडे निघून गेला आणि शकू दिवसभर इरल्याखाली, तोंडावर पदर ओढून मीठ ओढत राहिली.

संध्याकाळी दामाजीने विचारलं, "पाऊस आला?"

"थेंब नाय."

"ढग तरी?"

"ढगबी नाय."

त्याने इरल्याची कोरडी पानं चाचपून बघितली. मग म्हणाला, "मंग माजं डोलं कशापायी गेलं गो?"

त्याच्यासाठीही तिने दिवसभर शिव्या जमवून ठेवल्या होत्या. त्या गिळून तिने इरलं उद्यासाठी दाराशीच ठेवलं.