पपईभोवतीची पिल्लावळ

मागच्या शुक्रवारी शाईस्ताचा राक्षस इतक्या लवकर मेला की चुलीवरचा चहासुद्धा उकळला नव्हता.

राक्षस म्हणजे पपई. गेवराईत शाईस्ताचं फळांचं दुकान, त्यामुळे राक्षसांना तोटा नाही. खेळ आणला तिच्या मुलानं, मुस्तकीमनं, मोबाईलवर बघून. पण गोष्ट रचायचा त्याला कंटाळा, म्हणून ते काम आईच्या गळ्यात पडलं. बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं, शाईस्तानं संकटं आणायची, आणि लढाई लागली की ज्यानं त्यानं आपल्या पाळीला फासा टाकायचा. मुस्तकीम तलवारवाला, त्याचा दोस्त लखन तिरंदाज, आणि लखनची नवी बायको शिवकन्या वैदीण.

अडचण साधीच होती. राक्षस कितीही दांडगा केला तरी एकटा. तो एकदा हात उचलणार तोवर दोघं त्याला बडवून मोकळे. शिवकन्येची पाळी येईस्तोवर लखन पपई चिरायला बसलेला. दोन शुक्रवार हेच झालं. निघताना ती चप्पल शोधत हळूच म्हणाली, "आता मी मेंढरांकडंच राहत जाईन, खाला. हितं माझं काय काम हाय?"

शाईस्ताला ते आठवडाभर टोचत राहिलं. पाटोद्याकडची पोरगी, इथं कुणाच्या ओळखीची नाही. ही एक दुपार सोडली तर तिचं सगळं बोलणं मेंढरांशीच. "अजून एकदा ये, मग हवं तर नको येऊस," असं म्हणून शाईस्तानं तिला आज आणलं होतं.

परातीच्या मधोमध तिनं पपई ठेवली आणि भोवती मूठभर सीताफळाच्या बिया पसरल्या.

"ही त्याची पिल्लावळ. एका फटक्यात एक पडती. पण थोपवली न्हाई तर मागं घुसती."

चूक एवढीच झाली, की सीताफळांची टोपली लखनच्या हाताशी राहिली. तो एक खायचा, पुच्‌ करून बिया परातीत टाकायचा, परत दुसरं फोडायचा.

"अम्मी, ह्या पण सैन्यात का?" मुस्तकीमनं विचारलं.

शाईस्ता गोष्टीच्या भरात होती. "परातीत आली ती लढाईत आली!"

बघता बघता परात काळीभोर झाली. तरी दोघं गडी सवयीनं पपईलाच भिडले. मग पिल्लावळीची पाळी आली. पात्रांच्या जागी ठेवलेला मुस्तकीमचा लोखंडी नट आणि लखनची काडी पुढं होती. मागं शिवकन्येची केसातली पिन एकटी उभी होती.

शाईस्ताचा हात थबकला. बिया मुस्तकीमवर ढकलल्या असत्या तर कुणी विचारणार नव्हतं, गोष्ट तिचीच होती. पण मग पोरगी पुन्हा नुसती बघत बसणार. सांभाळून सांभाळून आपणच हिला दाराबाहेर ठेवतोय की काय?

तिनं सगळ्या बिया पिनेभोवती लोटल्या.

"अम्मी! गरीब वैदीण हाय ती. तिच्यावर कावून?"

शिवकन्या मात्र पदर खोचून पुढं सरकली. "थांबा ओ. माझी पाळी हाय न्हवं? मी मारत न्हाई, वळवते. म्होरकी फिरवली की मागची आपसूक फिरत्यात." मग तिनं नवऱ्याच्या हातावर चापट मारली. "आन्‌ तुमी आधी खायाचं बंद करा! मी मरायला टेकले, ह्यांची भरती चालूच!"

"अगं, पिकलेलं हाय," लखन पुटपुटला. टोपली काढून घेतली गेली.

फासा मध्यमच पडला. निम्म्या बिया वळल्या, निम्म्यांनी वैदिणीला घायाळ केलं. शिवकन्या ओठ चावून पुढच्या पाळीला बसली, त्याच्या पुढच्यालाही. एकदा मुस्तकीमला पपई सोडून तिच्या मदतीला यावं लागलं, तेवढ्यात पपईनं लखनला लोळवलं, मग त्याला औषध द्यायला पुन्हा शिवकन्याच. चहा झाला, पिऊन झाला, कप धुऊन झाले, तेव्हा कुठं पपई पडली.

लखननं सुरी घेतली. शिवकन्या उठली ती परात घेऊन नळावर गेली. बिया चोळून धुतल्या आणि खिडकीत वाळत घातल्या.

"खाला, सीताफळं आता संपतीलच की."

"मग बोरं येतील."

शिवकन्येनं जरा विचार केला. "बोराची बी टणक असती. तिला एका फटक्यात पाडू नका. दोन तरी ठेवा."

पपईची पहिली फोड शाईस्तानं शिवकन्येच्या हातावर ठेवली.